हौदाशेजारचा शाईचा डबा

मी डबा बोलतोय. पत्र्याचा, गोल, काळ्या शाईचा. अंगावरचं लेबल केव्हाच गळून पडलंय, काठाला गंज चढलाय आणि बुडाला खिळ्यानं पाडलेली तीन भोकं आहेत. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं तुम्ही म्हणता. माझ्यात तर आता उथळसुद्धा पाणी राहत नाही, तेव्हा माझी खळखळ थोडी ऐकून घ्यायला हरकत नसावी.

माझा जन्म डबे बनवणाऱ्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, गोल वळवला, कडा एकमेकींत अडकवून दाबल्या आणि खाली बूड बसवलं. एवढंच माझं बालपण. माझ्या बरोबरीचे काही डबे बिस्किटांकडे गेले, काही रंगाकडे. माझ्या वाट्याला शाई आली. सुरुवातीला मला वाईट वाटलं. बिस्किटाच्या डब्याला घरात मान असतो, बिस्किटं संपली तरी त्यात सुईदोरा ठेवतात. शाईच्या डब्याला कोण विचारतो? पण छापखान्यात आलो आणि माझी मान ताठ झाली.

छापखाना लांबट होता. पुढे मालकांचं टेबल, मधे छपाईचं यंत्र, मागे बाइंडिंगची मोठी फळी आणि त्यामागे एक दार. दाराबाहेर छोटंसं अंगण, त्यात सिमेंटचा हौद. मशीनमन रोज पात्यानं माझ्या पोटातली शाई काढून यंत्राला घालायचा. त्या शाईनं शाळेची गणिताची पुस्तकं छापली, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापली, हरवलेल्या माणसांची पत्रकं छापली. काही माणसं सापडलीसुद्धा. त्यात माझा वाटा होता, असं मी अजून मानतो.

माझी शेवटची शाई ज्या कामाला गेली ते सांगितलं तर तुम्ही हसाल. 'धूम्रपान सोडा' अशी मोठाल्या अक्षरांची पत्रकं होती, आरोग्य खात्याची. गठ्ठेच्या गठ्ठे छापून झाले, मशीनमननं हात पुसले, कान कोरला, मागच्या दाराबाहेर गेला आणि सिगरेट पेटवली. म्हणाला, एवढं वाचून वाचून तलफ आली.

या मशीनमनला सगळे इंजिन म्हणत. तो नाकातून आणि तोंडातून एकाच वेळी धूर सोडायचा, त्यावरून. माणूस लाखात एक. कुणाचं यंत्र अडो, कुणाचं घर गळो, हा बोलवायच्या आधी हजर. पण सिगरेटशिवाय त्याचा तास जात नसे. आत कागदच कागद, म्हणून पेटवायची ती अंगणात, हा मालकांचा नियम होता. थोटकं मात्र तो आणि बाकीचे चार जण अंगणभर टाकायचे. एकदा रद्दीच्या ढिगाशेजारी एक जळतं थोटूक सापडलं आणि मालकांचा पारा चढला. त्या दिवशी मी रिकामा झालो होतो, भंगारात जायचा होतो. इंजिननं मला उचललं, अर्धं वाळूनं भरलं आणि दाराबाहेर भिंतीशी ठेवलं.

असा मी शाईचा डबा थोटकांचा डबा झालो. सांगतो, फार अपमान वाटला. आदल्या दिवशीपर्यंत माझ्यात अक्षरं होती. पण काम ते काम. निदान आग लागणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. मास्तर म्हणजे इथले जुने कंपोझिटर. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, हातानं जुळवायचे तेव्हापासूनचे. खिळे गेले, संगणक आला, तेव्हा ते मुद्रितं तपासू लागले. जे छापलं जाई ते सगळं त्यांनी वाचलेलं असे आणि वाचलेलं सगळं त्यांच्या लक्षात असे. त्यांची बायको बाइंडिंगच्या फळीवर, तिला सगळा छापखाना वहिनी म्हणे. मूलबाळ नव्हतं. इंजिन त्यांच्या घरचाच एक झाला होता.

इंजिननं सिगरेट काढली की मास्तर खुर्ची घेऊन अंगणात यायचे, खास त्याला बोलायला. एकदा म्हणाले, तंबाखूवरची एक पुस्तिका मी खिळा न् खिळा जुळवलीय. ही पानं भट्टीत वाळवतात, आणि भट्टीत लाकूड घालतात. तू झुरका मारतोस आणि कुठंतरी झाड पडतं. इंजिन म्हणायचा, आपला कागद काय ढगातून पडतो? तुम्ही कागद खा, मी धूर खातो, हिशेब बरोबर. मास्तर हसायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोलायचे. वीस वर्षं हे चाललं होतं. दोघांनाही त्याशिवाय चहा गोड लागत नसे.

मग एका सकाळी मुद्रित तपासता तपासता मास्तरांच्या हातून पेन्सिल पडली. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त केले, त्यांच्याकडे स्वतःचा एक शब्द उरला नाही.

घरी त्यांना एकटं कसं ठेवणार? आणि वहिनीनं काम सोडलं तर चूल कशी पेटणार? मालक हाताचे घट्ट, पण मनाचे नव्हेत. त्यांनी मास्तरांची खुर्ची हौदाजवळ सावलीत ठेवायला सांगितलं. वहिनी सकाळी त्यांना धरून आणायची, तिथे बसवायची आणि दर थोड्या वेळानं खळीनं भरलेल्या हातांनी दारात येऊन बघून जायची. मास्तर भिंतीकडे बघत बसायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांच्याशी बोलत राहा. वर्षभरात जे परत यायचं ते येईल, त्यानंतर कठीण आहे.

इंजिन शेजारी उभा राहून सिगरेट ओढायचा. आता त्याला बोलणारं कुणी नव्हतं. शिव्या घालणारं माणूस गप्प झालं की व्यसन मोकाट सुटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझं पोट पूर्वीपेक्षा लवकर भरू लागलं.

एक दिवस तो बाजारातून पाच लाल मासे घेऊन आला आणि हौदात सोडले. कमळाचं एक रोपही लावलं. मास्तरांना म्हणाला, भिंत बघून कंटाळलात ना, आता हे बघा. मास्तरांनी मान वळवली. मग दिवसच्या दिवस त्यांची मान तिकडेच राहिली. जेवणाच्या डब्यातली भाताची चार शितं ते डाव्या हातानं पाण्यात टाकायचे, मासे वर यायचे, ते वाकून बघायचे.

आणि एका दुपारी ते म्हणाले, "ये."

आवाज घोगरा होता, अर्धा ओठांतच राहिला, पण शब्द होता. बाइंडिंगच्या फळीवर वहिनीच्या हातातली सुई तशीच राहिली. धावत आली आणि त्यांच्या पायाशी बसून रडली. मास्तरांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते माशांनाच पुन्हा म्हणाले, "ये, ये."

पुढच्या दोन महिन्यांत आणखी शब्द आले. 'खा' आला, 'लाल' आला, 'गेला' आला. सगळे माशांसाठी. वहिनीला त्याचं वाईट वाटत नसे. ती इंजिनला म्हणाली, "भावजी, आता मला हाक मारतील बघा. नुसतं 'अगं' म्हणाले ना, तरी पुरे. नावानं तर त्यांनी कधी हाक मारलीच नाही." त्यानंतर ती अंगणात आली की मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून काहीतरी आवरत बसायची. मागून हाक येईल म्हणून.

आता माझी गोष्ट, ती मास्तरांच्या झटक्याच्या बरीच आधी सुरू होते. मला रिकामं करायचं काम झाडलोट करणाऱ्या मावशीकडे होतं. अंगणाच्या कोपऱ्यात पाचोळ्याचा खड्डा होता, सुरुवातीला ती थोटकं त्यातच टाकायची. कापूसच तर आहे, कुजेल, असं तिला वाटे. मलाही तसंच वाटे. दोन पावसाळे गेल्यावर तिनं खत काढायला खड्डा उकरला. पानांची काळी माती झाली होती, कागद विरघळला होता, काटक्यासुद्धा भुसभुशीत झाल्या होत्या. थोटकांचे बोळे मात्र जसेच्या तसे. तिनं मूठभर उचलून इंजिनला दाखवले. म्हणाली, भाऊ, हा कापूस नाही, प्लास्टिकचा धागा असणार. कापसाला मातीत जायची लाज वाटत नाही.

इंजिन ओशाळून हसला. मावशीनं मग माझ्यातलं सगळं मागच्या भिंतीवरून पलीकडच्या नाल्यात ओतायला सुरुवात केली. नाला पुढे ओढ्याला मिळतो, ओढा कुठे जातो ते तिला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. नजरेआड झालं की संपलं, अशी माणसांची रीत. एकदा ओतताना वाळूही गेली. ती पुन्हा भरायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या डोक्यावर छपराची पन्हळ होती. पाऊस आला की तिची धार सरळ माझ्यात. थोटकं त्या पाण्यात भिजत पडायची. पंधरा दिवसांत ते पाणी कडक चहासारखं झालं. मास्तर माशांना हाका मारू लागले त्या पावसाळ्यात एक कावळा काठावर बसला, त्यानं चोच बुडवली, डोकं झटकलं आणि उडून गेला. परत कधी आला नाही. त्याला जे एका थेंबात कळलं ते आम्हाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

त्याच सुमारास कमळाच्या पानांवर मावा पडला. बारीक काळे किडे पानं भरून चिकटलेले. पानं पिवळी पडायला लागली. मास्तर बेचैन झाले. हात पोचेल तेवढ्या पानांवरचे किडे ते डाव्या अंगठ्यानं पुसायचे, आणि इंजिन आला की पानाकडे बोट दाखवायचे. पाठीवर उन्हं आली तरी सावलीत सरकायचे नाहीत.

शनिवारी छापखाना दुपारीच बंद होई. वहिनी मास्तरांना घेऊन गेली, बाकीचे गेले. इंजिन मागे राहिला. अंगणात आला, सिगरेट पेटवली, मावा पडलेल्या पानांकडे बघत ओढली आणि थोटूक माझ्यात टाकायला वाकला तेव्हा त्याला ते तपकिरी पाणी दिसलं. तो तसाच वाकून राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

त्याच्या बापाचा भाजीचा मळा होता. वांग्यांवर, वालावर मावा पडला की बाप तंबाखू पाण्यात भिजवायचा आणि ते पाणी मारायचा. दोन दिवसांत मावा साफ. हे इंजिननं लहानपणी पाहिलेलं होतं. आज त्याला वाटलं, औषध तर तयारच आहे, तेही फुकट. बाप ते पाणी विहिरीपासून लांब मारायचा, एवढं मात्र त्याला आठवलं नाही.

बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून त्यानं माझ्यातलं पाणी तिच्यात ओतलं आणि पानापानांवर शिंपडलं. वरून, खालून, देठांवर. किती मायेनं शिंपडलं म्हणून सांगू. बाटली चार वेळा भरली. तळाशी गाळ उरला तोही त्यानं रोपाच्या बुडाशी ओतला, मुळांना लागू दे म्हणून. मूळ हौदातच होतं. मग मला भिंतीशी ठेवत त्यानं माझ्यावर थाप मारली.

"आज पहिल्यांदा कामाला आलास," तो म्हणाला.

लपवून काय करू? मला आनंद झाला. शाई संपल्यापासून मला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. त्या एका थापेनं मी फुगून गेलो. आजही ते आठवलं की मला स्वतःची किळस येते.

संध्याकाळच्या आतच मासे वर आले. आधी वाटलं, शितांसाठी आलेत. पण ते तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. सर्वांत छोटा एका कुशीवर गोल गोल फिरू लागला. मी पत्र्याचा डबा, ओरडणार कसा? रविवारी छापखाना बंद. दिवसभर ऊन होतं, रस्त्यावर पोरं खेळत होती, कुठंतरी कुणीतरी गालिचा झटकत होतं. आणि माझ्यासमोर ते मासे एकेक करून स्थिर होत गेले. पाचही.

सोमवारी वहिनीनं दारातूनच पाहिलं. तिनं मास्तरांना आत वळवायचा प्रयत्न केला, पण त्यांनी पाहिलं होतं. ते खुर्चीत बसले. डावा हात पाण्यात घालून त्यांनी एकेक मासा उचलला आणि मांडीवरच्या रुमालावर ओळीनं ठेवला, खिळे मांडतात तसा. मग वाकून म्हणाले, "ये." थांबले. पुन्हा म्हणाले, "ये." असं किती वेळ म्हणत राहिले. आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि बंद झाला.

मावा मात्र गेला होता. पानं स्वच्छ होती.

इंजिननं काही लपवलं नाही. मालक, वहिनी, मावशी, सगळ्यांसमोर तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, मी केलं, यातलं पाणी मी घातलं. बोलताना त्याच्या वरच्या खिशात सिगरेटचं पाकीट दिसत होतं. वहिनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं असतं ना, तर मला भांडता तरी आलं असतं."

मावशी हौदाच्या काठावर बसली होती. ती कुणाला उद्देशून न बोलता म्हणाली, "इथं पाचच होते म्हणून कळलं. भिंतीपलीकडं मी इतकी वर्षं ओततेय. तिथं किती मेले ते कोण मोजणार?"

ती त्या दिवशी काम टाकून नाल्याच्या कडेनं ओढ्यापर्यंत चालत गेली. परत आल्यावर तिनं पाय धुतले आणि झाडू उचलला. त्या दिवसापासून तिनं भिंतीवरून काहीही टाकलं नाही.

इंजिननं खिशातलं पाकीट चुरगळलं आणि मालकांच्या टेबलावर ठेवलं. बोलायला सोपं आहे. पुढचे दिवस त्याचे फार वाईट गेले. यंत्रावर ओरडायचा, लवंगा चघळून चघळून जीभ सोलली होती. दोनदा घसरला. कोपऱ्यावर जाऊन ओढून आला आणि मास्तरांच्या समोर यायला लाजला. शेवटी मालकच त्याला दवाखान्यातल्या व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. नुसत्या निश्चयानं सुटत नसेल तर औषध घ्यावं, त्यात कमीपणा नाही, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. हळूहळू सुटली. त्याच्याबरोबर आणखी एकाची सुटली. बाकीच्या तिघांची नाही सुटली.

मालकांनी अंगणात सिगरेट बंद केली. तेव्हा ते तिघं रस्त्यावर जाऊन ओढू लागले आणि थोटकं गटाराच्या जाळीवर टाकू लागले. घाण माझ्या पोटातून उठून रस्त्याच्या पोटात गेली, एवढंच. मग फाटकाशी झाकणाचा, पाऊस न शिरणारा डबा लागला. मावशी त्यातली थोटकं कोरडीच बांधून वेगळ्या कचऱ्यात देते. इंजिन येता-जाता चिमट्यानं गटाराजवळची थोटकं वेचतो. लोक त्याला हसतात. हे सगळं चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी त्या डब्याचा मोठा भाऊ आहे, मला खरं ठाऊक आहे. डबा कितीही चांगला असो, त्यात पडलेलं नाहीसं होत नाही, फक्त दुसरीकडे जातं. कमी होतं ते एकाच जागी, जिथे हात खिशाकडे जाता जाता थांबतो तिथे.

इंजिनच्या मनात एक आशा होती. त्यानं हौद रिकामा केला, ब्रशनं घासला, पाणी भरून पुन्हा काढलं, असं तीन वेळा केलं. नवं पाणी भरून पंधरा दिवस तसंच ठेवलं. मग काचेच्या बरणीत तीन लाल मासे घेऊन आला. वहिनी दारात उभी राहिली. मालकही टेबलावरून उठून आले. मास्तर त्या सोमवारपासून एक शब्द बोलले नव्हते आणि डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष संपत आलं होतं.

इंजिन हौदाशी वाकला. म्हणाला, मास्तर, बघा, कोण आलंय. बरणी तिरपी केली.

मास्तरांचा डावा हात पुढे आला आणि त्यांनी त्याचं मनगट पकडलं. घट्ट. इतका जोर त्या हातात आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"नको," मास्तर म्हणाले.

शब्द स्पष्ट होता, पूर्वीच्या सगळ्या शब्दांपेक्षा स्पष्ट. वहिनी हसली, रडली, म्हणाली, बोलले, बोलले हो! मालकांनी डोळे पुसले. इंजिनही हसत होता. मग त्याला दिसलं की मास्तर त्याच्याकडे बघत नाहीयेत. ते पाण्याकडे बघत होते. नंतर भिंतीशी असलेल्या माझ्याकडे. आणि पुन्हा म्हणाले, "नको." तेव्हा सगळ्यांना कळलं आणि हसू तिथेच मावळलं.

मासे परत गेले. इंजिननं ते घरी काचेच्या पेटीत ठेवलेत, चांगले वाढलेत म्हणतात. हौदातलं पाणी काढून टाकलं, कमळ वाळून गेलं. त्याच दुपारी इंजिननं खिळा आणि हातोडी आणली, मला उलटं धरलं आणि बुडाला तीन भोकं पाडली, माझ्यात पुन्हा कधी पाणी साठू नये म्हणून. मग मला कोरड्या हौदात ठेवून दिलं. दुखलं नाही. उलट प्रत्येक घावाला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

डॉक्टरांचं ते वर्ष उलटून आता बराच काळ झाला. 'नको' नंतर मास्तरांकडून काही आलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या बोटांत आत्ता सिगरेट असेल, तर माझं हात जोडून सांगणं आहे. मला हात नाहीत, पण जोडले असं समजा. माझ्यासारखा डबा शोधू नका. तो असला की वाटतं, आपण नीटनेटके आहोत, आपल्यामुळे कुणाला काही झालं नाही. इंजिनलाही तेच वाटायचं, आणि त्याच्याइतका भला माणूस मी पाहिलेला नाही. आज सोडता येत नसेल तर एक कमी ओढा, उद्या दवाखान्याची पायरी चढा. आणि जे ओढाल त्याचं थोटूक पाण्याजवळ, मातीवर, गवतावर टाकू नका, कोरडं बांधून ठेवा. पण मनाशी हे पक्कं असू द्या की ते बांधणं म्हणजे फक्त उशीर आहे, सुटका नाही. ओढ्यातल्या माशांची कुणी खुर्ची टाकून वाट बघत नाही, म्हणून ते मेल्याचं तुम्हाला कळणारही नाही.

मला भंगारात घालू नका असंही मी म्हणणार नाही. वितळवलं तर बरंच होईल. पुढचा जन्म बिस्किटाचा मिळाला तर कुणाच्या तरी घरात सुईदोरा सांभाळीन.

तोवर मी इथेच आहे. जेवणाच्या सुट्टीत वहिनी बाहेर येते, मास्तरांना भरवते, आणि मग उठून त्यांच्याकडे पाठ करून उगीचच जेवणाचा डबा पुसत बसते. स्वच्छ झालेला डबा ती पुन्हा पुसते. मग घंटा वाजते आणि ती आत निघून जाते.